खोलगट मुखड्याचा रुपया

मलकापुरात शालिग्राम फोटोवाला म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवत. एक म्हणजे त्याच्या स्टुडिओतला रंगवलेला पडदा. त्यावर कमळांचं तळं होतं आणि तळ्यामागे, का कोण जाणे, बर्फाचा डोंगर होता. दुसरी म्हणजे त्याचं बिघडलेल्या नाण्यांचं वेड. वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले, आणि कापसाच्या दिवसांत मलकापूरच्या जिनिंगसमोर गाड्यांची रांग लागे. हा माणूस दुकान तसंच उघडं टाकून गाडीवानांमधून फिरे आणि विचारी, "कोणापाशी बिघडलेला रुपया हाये का हो? खोटा नाई, बिघडलेला."

"बिघडलेला पोरगा हाये, नेतं का?" गाडीवान म्हणत, आणि खो खो हसत. पण कुणीतरी कनवटीला हात घालून एखादं नाणं काढीच.

हे वेड बापाकडून आलं होतं. त्याचे वडील पुंजाजी एका अडत्याकडे पारखी होते. शेतकऱ्याच्या हाती पडायचा प्रत्येक रुपया आधी त्यांच्या पुढ्यातल्या दगडावर वाजे. पुंजाजी म्हणत, "खोट्या नाण्यात लबाडी असते, तिच्यात पाह्यण्यासारखं काय? पण सरकारी टांकसाळीतून निंगालेल्या नाण्यात चूक घावली, तर ती पाहावी. एवढं मोठं सरकार, पण त्याचाबी हात चुकते." नव्या राजाचा रुपया पहिल्यांदा आला तेव्हा राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला होता. बोंबाबोंब झाली आणि पुढच्या वर्षी सरकारला ठसा बदलावा लागला. पुंजाजींनी त्यातला एक रुपया बाजूला काढून पोराला दिला. सोंड आखूड का दिसते, पाय बुटके का वाटतात, हे त्या पोरानं इतक्या वेळा न्याहाळलं की पुढे त्याला कुठल्याही नाण्यावर आधी चूकच दिसू लागली.

खामगावच्या एका फोटोग्राफरकडे काम शिकून तो मलकापुरात परतला, तेव्हा हा नाद आणि तो धंदा एकत्र आले. नाणं काचेवर ठेवायचं, काचेखाली काळी मखमल अंथरायची, खिडकीतून तिरपा उजेड घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूनं आरशाचा कवडसा टाकायचा. कॅमेऱ्याचा भाता पुरता लांबवला की चिमुकलं नाणं त्याच्या मागच्या काचेवर ताटाएवढं दिसे. एकाच साली निघालेल्या दोन रुपयांत एकाच्या फुलाला पाकळी जास्त, एकाची अक्षरं दोनदा ठोकल्यासारखी, एकाचा राजा चकतीच्या कडेवरून घसरलेला. असे फोटो तो मुंबईच्या एका नाणेसंग्राहक मंडळाला पाठवी. तिथले गृहस्थ विलायती कागदावर आभार मानत. पण त्यांच्या पत्रिकेत त्याचा फोटो कधी छापून आला नव्हता. मलकापूरच्या माणसाला काय कळणार, असं त्यांना वाटत असेल, असं शालिग्रामला वाटे. आणि ते त्याच्या मनात सलत राही.

त्याची धाकटी बहीण झुंबरबाई जानेफळला दिली होती, पंजाबरावांना, दुसरेपणावर. पंजाबरावांची पहिली बायको अन्नपूर्णाबाई तान्ही लेक मागे ठेवून अहेवपणी गेली होती. झुंबरबाई त्या घरात गेली ती त्या लेकीची आई व्हायला. अशा बाईनं गळ्यात सवतीचा टाक घालायचा असतो. गेलेलीची आठवण म्हणून चांदीचा टाक काळ्या दोऱ्यात ओवून छातीशी ठेवायचा, घास घेताना आधी तिला दाखवायचा, हळदीकुंकवाला आधी तिला बोट लावायचं. झुंबरबाई हे सगळं मनापासून करी. सासू सत्यभामाबाई, ज्यांना ती आत्याबाई म्हणे, कडक होत्या, पण या एका बाबतीत त्यांना सुनेला नाव ठेवायला जागा नव्हती. आणि लेक विमल मावशी मावशी करत झुंबरबाईच्याच पदराला धरून वाढली.

विमलचं लग्न ठरलं. बस्ता खामगावला बांधता आला असता, पण झुंबरबाईला या निमित्तानं भावाकडे राहायचं होतं. चैत्रात ती, पंजाबराव आणि विमल मलकापूरला आली. जेवणं झाल्यावर झुंबरबाई भिंतीला टेकून बसली होती आणि विमल तिच्या खांद्यावर रेलली होती. बोलता बोलता विमलनं, रोजची सवय असावी तसा, मावशीच्या गळ्यातला दोरा ओढून टाक बाहेर काढला आणि त्याच्यावर अंगठा फिरवू लागली.

शालिग्रामची नजर तिथे खिळली. टाक म्हणजे देवघरातल्यासारखा एखादा घडवलेला पत्रा असेल, असं त्याला इतकी वर्षं वाटत होतं. हा तर रुपया होता, राणीच्या वेळचा.

"पाहू दे बरं, विमल."

"हे माही माय होय, मामा," विमल हसून म्हणाली. "हिकून पाहाल तं राणी. अन् तिकून पाहाल तं माय."

त्यानं उलटून पाहिलं आणि दिवा जवळ ओढला. पुढच्या बाजूला राणीचा मुखडा होता, नेहमीसारखा उठावाचा. मागे जिथे आकडा आणि नक्षी असायला हवी, तिथे पुन्हा राणीच होती. पण आत गेलेली, उलट्या तोंडाची, ओल्या मातीत चेहरा दाबून काढावा तशी. ही चूक कशी होते ते त्याला ठाऊक होतं. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं आणि पुढच्या चकतीवर ठशाऐवजी त्या नाण्याचाच मुखडा उमटतो. ऐकून ठाऊक होतं. हातात असं नाणं कधी आलं नव्हतं. फक्त तो खोलगट मुखडा नीट दिसत नव्हता. खाचेत काळपट लाल काहीतरी घट्ट बसलं होतं, वरून गुळगुळीत, विमलच्या अंगठ्यानं घासून चकाकणारं.

सकाळी मंडळी कापडाच्या दुकानात निघाली, तेव्हा त्यानं बहिणीला बाजूला घेतलं.

"झुंबर, एवढा टाक मले दुपारलोक दे. फोटो काढतो."

"येडा झाला का, दादा? हा गळ्यातून काढत नाईत."

"एकच फोटो. मुंबईवाले पाह्यतीन तं तोंडात बोटं घालतीन. तुह्या भावाचं नाव होईन."

भावाचं नाव म्हटल्यावर ती विरघळली. इकडेतिकडे पाहून तिनं दोरा डोक्यावरून काढला. "पोरीले सांगू नोको. आत्याबाईच्या कानावर तं अजिबात जाऊ देऊ नोको. अन् पाणी लावू नोको हं याले. जसा देऊन राह्यली, तसाच मले पाह्यजे." एवढं सांगणं पुरेसं आहे असं तिला वाटलं.

त्यानं आधी जसा होता तसाच फोटो काढला. ती त्याची पद्धतच होती. पण फोटोची काच धुऊन उजेडात धरली, तर राणीच्या जागी नुसता सपाट डाग. हे पाहून मुंबईवाले म्हणतील, झिजलेलं नाणं दिसतं. तो खिडकीपाशी उभा राहिला. पाणी लावू नको, असं ती म्हणाली ते दोऱ्यासाठी असणार, असं त्यानं मनाशी ठरवलं. दोरा काढून ठेवला की झालं. एवढ्या वर्षांचं तेल, घाम, चुलीचा धूर. मळच की तो.

स्वयंपाकघरातून त्यानं रिठ्याचं गरम पाणी मागितलं.

"काय धुता?" बायकोनं, पुष्पाबाईंनी, विचारलं.

"चष्मा," तो म्हणाला.

पुढे कितीतरी दिवस त्याला हा एक शब्द आठवत राहिला. मळच होता, तर चष्मा का म्हणालो?

गरम पाण्यात ते लाल मऊ पडलं. बाभळीच्या काट्यानं त्यानं कडेकडेनं हळूच उचललं. वाटीतलं पाणी तांबूस झालं. खालून राणी वर आली. केसांची वळणं, कानातलं, ओठांची कड, सगळं आत गेलेलं आणि सगळं स्वच्छ. तिरप्या उजेडात तो खोल मुखडा काचेवर पाहताना डोळ्यांची गंमत होई. क्षणात तो बाहेर आल्यासारखा वाटे, क्षणात पुन्हा आत जाई. आयुष्यात इतका चांगला फोटो त्यानं काढला नव्हता. वाटीतलं पाणी त्यानं मोरीत ओतलं.

मंडळी परतली ती गाडीच्या घाईत. टाक रुमालात बांधून त्यानं बहिणीच्या हातात दिला. "घरी गेल्यावर घाल," तो म्हणाला. तिनं गाठ न सोडता तो कमरेला खोचला.

आठवडाभरात त्यानं फोटो मोठा करून घेतला, एक प्रत मुंबईला धाडली आणि दुसरी पिशवीत घालून स्वतः जानेफळला निघाला. जलंबला गाडी बदलून खामगाव, तिथून मोटार. वाटेत तो मनाशी बोलत होता. विमलला दाखवू, म्हणू, पाह्य तुही माय किती साफ दिसते.

सत्यभामाबाई ओसरीवर लग्नाचे गहू निवडत बसल्या होत्या. झुंबरबाई आतून पाणी घेऊन आली आणि भांडं ठेवून खांबाशी उभी राहिली. विमल दाराआड होती.

"बसा," म्हातारी म्हणाली. "बरं झालं आले. तुमच्या बहिणीनं काय केलं ते इचारा तिले."

"काय झालं, आत्याबाई?"

"माही सून तिरडीवर होती. कपायावर मेण, मेणावर कुंकू, अशी भरल्या कपायानं गेली ते. मी ते कुंकू मेणासकट उचललं अन् तिच्याच गळ्यातल्या रुपयाच्या खाचेत दाबलं. म्हटलं, लेकीच्या लग्नात पह्यलं कुंकू मायचं लागन. एवढी वर्सं राह्यलं ते. अन् आता लग्न तोंडावर आलं, तं सवतीनं सवतीचं कुंकू पुसलं."

शालिग्रामनं पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"आत्याबाई, उन्हानं मेण पातळ झालं असन," झुंबरबाई खाली पाहून म्हणाली.

"उन्हानं? अन् रुपयाले रिठ्याचा वास बी उन्हानंच आला का व?"

झुंबरबाईनं मान वर केली आणि भावाकडे पाहिलं. म्हातारीच्या नकळत तिनं मान जराशी हलवली. बोलू नको. टाक गळ्यातून काढून परक्या गावात ठेवला, हेही त्या घरात लहान पाप नव्हतं. तिला दोन्ही बाजूंनी मार होता, आणि त्यात ती भावाला ओढत नव्हती. शालिग्रामच्या मांडीवर पिशवी होती, पिशवीत फोटो होता. सगळे त्याच्याकडे पाहत होते. काहीतरी म्हणायला हवं होतं.

"औंदा ऊन लई हाये," तो म्हणाला.

मग त्यानं चहा घेतला. बशीत ओतून, फुंकून, सगळा प्याला. त्याच रस्त्यानं तो परत आला, आणि पिशवी त्यानं एकदाही उघडली नाही.

मलकापुरात परतल्यावर तो कामाला लागला. लग्नसराई होती, गिऱ्हाईक पुष्कळ. नवरानवरीला तळ्यापुढे उभं करायचं, हनुवटी जरा वर घ्यायला सांगायचं. नवरीच्या कपाळावर आली की त्याची नजर सरके, आणि फोटो हलल्यासारखे निघू लागले. त्यातच मुंबईची पत्रिका आली. पानभर तोच फोटो होता, खाली त्याचं नाव, मलकापूरच्या नावासकट. पुष्पाबाईंनी शेजारच्या बायकांना बोलावून दाखवला. "सारी हयात गेली, पण झालं बाई नाव," त्या म्हणाल्या. शालिग्राम त्या वेळी मोरीपाशी हात धूत उभा होता. हात कधीचेच धुऊन झाले होते.

लग्नाची अक्षत द्यायला पंजाबराव आले ते उतरल्या चेहऱ्यानं.

"अन्नपूर्णेले भाऊ नव्हता. मामा म्हणून तुमालेच उभं राहा लागन," ते म्हणाले. मग पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "घरात काई खरं नाई, शालिग्रामजी. पोरगी बोलत नाई झुंबरसंग. कुंकू आजीच्या हातानं लावीन, मावशी माह्या मांडवात नोको, म्हणते. अन् तुमची बहीण एका शब्दानं बोलून नाई राह्यली. मी तरी काय समजू? मले बी वाटते, कधी कधी..." नवऱ्यालाही झुंबरबाईचा संशय येऊ लागला होता.

शालिग्राम त्यांच्याबरोबरच निघाला. आज त्याच्या पिशवीत दोन फोटो होते.

ओसरीवर सगळ्यांना बसवून त्यानं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, कारण बसायची हिंमत नव्हती. टाक मी मागितला. पाणी लावू नको म्हणून तिनं बजावलं होतं. मी लावलं. त्या दिवशी इथं बसून उन्हाचं बोललो, तेही खोटं.

सत्यभामाबाईंनी सूप खाली ठेवलं नाही. "भाऊ होय तू. बहिणीसाठी बोलनच. माहा भाऊबी बोलला असता."

खरं सांगूनही कुणी खरं मानत नाही, हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला. त्या दिवशी चहा पिताना बोललो असतो, तर मानलं असतं. त्यानं दोन्ही फोटो काढून विमलपुढे ठेवले. म्हातारीला त्या काळ्यापांढऱ्यातलं काही उमजलं नाही, पण विमल वाकली. एका फोटोत खाच भरलेली होती, दुसऱ्यात रिकामी. कडेला दोन्हीकडे तोच टवका होता, दोन्हीकडे तीच काच, तीच मखमल.

"हे एका दिवसाचे होत?" तिनं विचारलं.

"एका सकाळचे."

भरलेल्या खाचेच्या फोटोवर तिनं अंगठा ठेवला आणि लगेच उचलला. कागद होता तो.

"मग ते कुंकू कुठी हाये, मामा? काढलं तं ठेवलं असन ना तुमी?"

तिच्या आवाजात आशा होती. शालिग्रामला वाटलं, ही मारेल तर बरं.

"मोरीत," तो म्हणाला. "मोरीत ओतलं, बाई."

सत्यभामाबाईंनी पदर तोंडावर घेतला. पंजाबराव उठून गोठ्याकडे गेले. विमल रडली नाही. ती दोन्ही फोटो एकावर एक ठेवून, कडा जुळवत बसली. जुळल्या तरी जुळवत राहिली. मग उठून आत गेली. स्वयंपाकघरातून झुंबरबाईचा हुंदका आला, इतक्या दिवसांचा.

निघताना बहीण त्याला वेशीपर्यंत पोचवायला आली. पाण्याची घागर कमरेवर होती, जणू विहिरीवरच निघाली होती.

"झुंबर, तू मान हलवली होतीस..." त्यानं सुरुवात केली.

"हाव. मी नोको म्हटलं होतं. पण तुनं ऐकाले नोको होतं, दादा."

तिनं घागर दुसऱ्या कमरेवर घेतली आणि ती विहिरीकडे वळली.

त्यानं ठरवलं होतं की लग्नाला जायचं नाही. निरोप धाडून दुसरा कुणी मामा उभा करतील. पण निरोप उलटा आला. मामा तुम्हीच, आणि येताना फोटोचं सामान आणा, विमलनं सांगितलं आहे. पुष्पाबाई म्हणाल्या, "पाहा, पोरीनं मनात ठेवलं नाई." त्यानं कॅमेऱ्याची तिवई बांधायला घेतली. मनात ठेवलं असतं तर त्याला जाणं सोपं झालं असतं.

मांडवात तो नवरीच्या मागे उभा राहिला. अंतरपाट धरायच्या आधी सत्यभामाबाईंनी करंडा पुढे केला, तो झुंबरबाईच्या हातात. "लाव," म्हातारी म्हणाली, एवढंच. झुंबरबाईनं टाक आधी विमलच्या कपाळाला टेकवला, रिकामा होता तसाच. मग मधल्या बोटानं कुंकू लावलं. शालिग्राम नवरीच्या पाठीमागे होता, म्हणून त्याला ते कपाळ पाहावं लागलं नाही. मंगलाष्टकं संपेपर्यंत तो तिच्या खांद्यावरच्या शालूच्या काठाकडे पाहत होता.

फोटोच्या वेळी मात्र सुटका नव्हती. दुपार कलली होती. त्यानं मांडवाच्या तोंडाशी तिवई उभी केली. नवरदेव खुर्चीत बसला, शेजारी विमल, आणि विमलनं हाताला धरून झुंबरबाईला आपल्या बाजूला ओढून घेतलं. टाक तिनं मावशीच्या पदराबाहेर काढून नीट ठेवला, फोटोत यावा म्हणून.

शालिग्रामनं काळं कापड डोक्यावर घेतलं. काचेवर सगळं उलटं होतं, नेहमीसारखं, पाय वर आणि डोकी खाली. फोटो स्पष्ट यायचा तर तिच्या कपाळावरच नेम धरायला हवा होता. त्यानं भाता पुढे घेतला, मागे घेतला. कुंकवाचा ठिपका धूसर झाला, ठळक झाला. ठळक झाल्यावरही शालिग्राम कापडाबाहेर आला नाही. कापडाखाली अंधार होता, त्याचा स्वतःचा श्वास होता, आणि कुणाला त्याचं तोंड दिसत नव्हतं.

"ओ फोटोवाले, आतमंदी झोपले का हो?" वऱ्हाडी मंडळींतला कुणी ओरडला. मांडवात हशा पिकला.

"मामाले घाई करू नोका," विमलचा आवाज आला. "त्याईले सगळं साफ दिसलं पाह्यजे."

ती मायेनं म्हणाली की टोचून, हे त्याला आवाजावरून कळेना. कापडाच्या कडा त्यानं मुठीत आवळून गळ्याशी घट्ट धरल्या.